मुंगळ्याचे पाय कुठे लावायचे?

कणकेचे तीन गोळे करा. एक डोक्याचा, एक छातीचा, एक पोटाचा. खराट्याच्या काडीचे सहा तुकडे करा आणि मुलांना म्हणा, आता या मुंगळ्याला पाय लावा. बहुतेक मुलं पाय पोटाला लावतात. कुणी तिन्ही गोळ्यांना दोन-दोन वाटून देतं, सगळ्यांना सारखं म्हणून. मग सगळ्यांना अंगणात न्यायचं, जमिनीवर साखरेचा कण टाकायचा आणि मुंगळा आला की उकिडवं बसून बघायचं. सहाच्या सहा पाय छातीला! ज्या किड्यांना पंख असतात, त्यांचे पंखही तिथूनच फुटतात. चालणं आणि उडणं, दोन्हींचा कारभार त्या मधल्या एवढ्याशा गोळ्यात.

पाय नीट लावून झाले की खरी गंमत सुरू होते. उजवीकडचा पुढचा आणि मागचा, डावीकडचा मधला, एवढे तीन पाय ठेवून बाकीचे काढून टाका. मुंगळा उभाच राहतो. आता एकाच बाजूचे तीन ठेवून बघा, लगेच कलंडतो. खरा मुंगळा चालताना पहिलीच युक्ती वापरतो. तीन पाय जमिनीवर, तीन हवेत, मग अदलाबदल. प्रत्येक पावलाला त्याच्याखाली एक तिपाई तयार होते आणि पुढच्या पावलाला दुसरी. हे एका वाटी कणकेत कळतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

शेलूबाजारसारख्या गावात तर या खेळाचं सामान दारातच पडलेलं असतं. वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातलं हे गाव. समृद्धी महामार्गावरून इथे उतरता येतं, आणि डांबरी रस्ता सोडून आत वळलं की सोयाबीन, तूर, पऱ्हाटी. तूर सोंगून झाली की तुराट्या मिळतात. पऱ्हाटीची कापूस काढून घेतलेली बोंडं, सरकी, चिंचोके, भुईमुगाची टरफलं, सगळं फुकट. कुठे ज्वारीचा धांडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याच्या आतल्या हलक्या गराचं अंग करायचं आणि वरची साल चिरून तिचे पाय खोचायचे. डिंकाचीसुद्धा गरज नाही. याच धांड्यांच्या बैलगाड्या करण्यात किती पिढ्यांचं बालपण गेलं! सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे पडली आणि धांडा आता शोधावा लागतो.

पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा दिसतो. तोही करून बघा, लाल लोकरीच्या गोंड्याचा. फक्त पाय लावण्याआधी जवळ जाऊन मोजा. आठ भरतात. म्हणजे तो कीटकांच्या घरातला नाहीच, कोळ्याचा भाऊबंद आहे.

आता गुणगुणणारी माशी. आइस्क्रीमची काडी किंवा बोटभर लांबीची सपाट खपटी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना खोडरबराचे तुकडे बसवा आणि त्यांच्यावरून लांबीच्या दिशेने रबरबँड ताणा, म्हणजे रबर काडीला न टेकता अधांतरी राहील. एका बाजूला जाड कागदाचा चौकोन झेंड्यासारखा चिकटवा. टोकाला हातभर दोरा बांधा आणि मोकळ्या जागेत डोक्यावर गरगर फिरवा. घूंऽऽ असा आवाज येतो, अगदी मधमाशीचा. कागद काडीला हवेत सावरून धरतो, वारा रबरावरून वाहतो आणि रबर थरथरतं. रबर जाड घेतलं तर भुंगा होतो. बारीक आणि ताणलेलं घेतलं तर कानाशी आलेला डास.

इथे मुलांना विचारा, फुलपाखराचा आवाज का येत नाही? थरथर जितकी जलद, तितका आवाज बारीक. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख मारते, डास साधारण त्याच्या दुप्पट. फुलपाखरू जेमतेम दहा-बारा वेळा. आणि माणसाच्या कानाला सेकंदाला २० कंपनांच्या खालचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणजे फुलपाखरू हवा हलवत असतंच, आपले कान तिथवर पोचत नाहीत.

अशी स्वस्तातली खेळणी म्हटलं की अरविंद गुप्तांचं नाव घ्यावंच लागतं. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, पुण्यात टेल्कोत नोकरी केलेले गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांच्यातून त्यांनी वाकणारे सांधे तयार केले. पुढे कितीतरी वर्षं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात ते कचऱ्यातून खेळणी करत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कीटक करणाऱ्यांसाठी तो रबरी सांधा फार मोलाचा आहे, कारण कीटकाचा पाय म्हणजे सरळ काडी नसते. ठिकठिकाणी सांधा असतो, आणि तो दाखवला की नाकतोडा उडी मारायच्या तयारीत बसलेला वाटायला लागतो.

चतुरासाठी जुनी लग्नपत्रिका काढा. तिच्या जाड कागदाचा चतुर कापा, शेपूट लांब, पुढचे पंख तोंडाच्याही पुढे जातील असे. त्या पंखांच्या टोकांना खालून एकेक रुपया चिकटवा आणि पंख थोडे खाली वाकवा. तोंड बोटाच्या टोकावर टेकवून हात सोडा. चतुर हवेत तरंगतो! नाण्यांचं वजन शेपटीला तोलून धरतं, आणि सगळा भार बोटाच्या खालच्या पातळीत आल्यामुळे धक्का दिला तरी तो डोलून पुन्हा जागेवर येतो. खरा चतुर असा तोलत नाही, हेही मुलांना सांगा. त्याचे चारही पंख वेगवेगळे चालतात, म्हणून तो जागच्या जागी थांबू शकतो. पावसाळा सरताना शेतावर पिवळसर चतुरांचे थवे भिरभिरतात. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमध्ये असे असंख्य चतुर उतरताना पाहिले आणि ते भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असं २००९ मध्ये मांडलं. ज्याच्या शेपटीला आपण पोरं दोरा बांधायचो, तो हा प्रवासी! पत्रिकेचा चतुर हातात असला की त्या दोऱ्याची गरज उरत नाही.

सगळ्यात शेवटी ढालकिडा करा, आणि तो चारही अवस्थांमध्ये करा. हळदीत घोळलेले तांदळाचे दाणे पानावर उभे चिकटवले की अंडी झाली. तुराटीच्या तुकड्याला काजळ फासून केशरी ठिपके द्या, ती अळी. मग पानाला चिकटलेला कोष, आणि भुईमुगाच्या दोन टरफलांच्या लाल ढालीखालचा किडा. यात अळी सर्वांत महत्त्वाची. करडईवरचा मावा ती फस्त करते. पण दिसायला इतकी काटेरी आणि वेगळी की अनेक जण शत्रू समजून तिलाच चिरडतात. बोंडअळीच्या धास्तीत वाढलेल्या गावात मुलांना ही अळी ओळखू आली, तर मला फार आनंद होईल.

टरफलाखाली पंख बसवताना मुलं अडतात. पातळ प्लास्टिकचे पंख ढालीपेक्षा लांब ठेवायचे आणि तरीही आत मावले पाहिजेत. घडी कशी घालायची? हाच प्रश्न टोकियो विद्यापीठाच्या काझुया सायतो यांच्यापुढे होता. ढाल मिटली की आत काय चालतं ते दिसत नाही. मग त्यांच्या गटाने नखं सजवायला वापरतात त्या राळेची पारदर्शक ढाल घडवली, ढालकिड्याच्या एका ढालीच्या जागी बसवली आणि आत पंख कसा दुमडतो ते कॅमेऱ्याने टिपलं. २०१७ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. ढालीच्या कडा आणि पोटाची वर-खाली हालचाल मिळून पंख आत ओढतात, आणि पंखांच्या शिरांमध्येच घडीची जागा ठरलेली असते.