सपाट आवाजाची भीती का वाटते?

दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या विज्ञानकथेत किंवा भयकथेत असे एखादे पात्र तुम्ही नक्कीच पाहिले असेल. ते ओरडत नाही, दातओठ खात नाही, डोळेही वटारत नाही. समोरच्याकडे पाहून ते एवढेच म्हणते, "आता तू येथून जाऊ शकत नाहीस." प्रत्येक अक्षर सारख्याच उंचीवर आणि सारख्याच वेगाने. गडगडाटी हसणाऱ्या खलनायकाला न भिणारी मुलेसुद्धा हा आवाज ऐकून आईजवळ सरकतात. असे का व्हावे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला स्वतःच्या गळ्यापासून सुरुवात करावी लागेल, वाटेत झाडीपट्टीच्या नाट्यमंडपात डोकवावे लागेल आणि शेवटी रुग्णालयापर्यंत जावे लागेल.

एक शब्द, अनेक अर्थ

प्रथम एक सोपा प्रयोग करा. "हो" हा एवढासा शब्द घ्या. आईने काम सांगितल्यावर कंटाळून म्हटलेला "हो", परीक्षेत पहिला क्रमांक आल्याचे कळल्यावर निघालेला "हो", विश्वास बसत नाही म्हणून विचारलेला "हो?" आणि भांडणात म्हटलेला "हो!" असे चार प्रकारे तो उच्चारून पाहा. अक्षर एकच आहे, तरी डोळे मिटून ऐकणाऱ्या तुमच्या मित्राला चारही अर्थ बरोबर कळतात. म्हणजे अर्थाचा बराच भाग शब्दात नव्हताच, तो सुरात होता.

आता गळ्याच्या पुढच्या भागावर बोटे ठेवून "ईऽऽ" असा लांब उच्चार करा. बोटांना थरथर जाणवेल. तेथे स्वरयंत्र आहे. त्यात दोन लवचीक पडदे असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेमुळे ते कंप पावतात. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, स्त्रीचे २०० च्या आसपास आणि लहान मुलाचे ३०० च्या आसपास कंप पावतात. यालाच आवाजाची कंप्रता म्हणतात. स्वरतंतू ताणले की कंप्रता वाढते व आवाज चढतो. सैल सोडले की उतरतो. तंबोऱ्याची तार ताणल्यावर जे होते तेच येथे होते.

बोलताना आपण तीन गोष्टी सतत बदलत असतो : आवाजाची उंची, त्याचा जोर आणि त्याची लय. भीती वाटली की शरीर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज होते. श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. त्यात गळ्याचे स्नायूही आले, म्हणून आवाज चढतो व कापरा होतो. दुःखात स्नायू शिथिल पडतात, त्यामुळे आवाज हळू, खालचा आणि संथ होतो. थोडक्यात, माणसाच्या आत काय चालले आहे याची बातमी त्याचा आवाज देत असतो, आणि पुष्कळदा बोलणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध देतो. "मला काही झाले नाही" असे म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा न पाहताही आजीला सारे कळते, ते यामुळेच.

पायाखाली सूर

शब्द आणि सूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एका यंत्राने फार चांगले दाखवून दिले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली या अभियंत्याने "व्होडर" नावाचे बोलणारे यंत्र तयार केले. १९३९ साली न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांना दाखवण्यात आले. पेटी वाजवावी तशा कळा दाबून चालक स्त्री त्यातून अक्षरे काढीत असे. सुराची उंची मात्र पायाखालच्या पट्टीने बदलावी लागे. हात शब्द तयार करीत आणि पाय भाव! असे बोलणे जमण्यासाठी सुमारे वर्षभर सराव करावा लागे. पाय स्थिर ठेवला की यंत्र शब्द बरोबर उच्चारी, पण ते बोलणे निर्जीव वाटे.

अशा बोलण्याचा नमुना शोधण्यासाठी परदेशी जायला नको. मुंबई-हावडा मार्गावरील गोंदिया जंक्शनवर किंवा दुसऱ्या कोणत्याही मोठ्या स्थानकावर उभे राहून गाड्यांची घोषणा लक्षपूर्वक ऐका. वर्षानुवर्षे या घोषणा तुकडे जोडून तयार होत आल्या आहेत. आकडे, गावांची नावे आणि ठरावीक वाक्ये वेगवेगळी मुद्रित करून ठेवायची व गरजेप्रमाणे एकापुढे एक लावायची, अशी ती पद्धत. प्रत्येक तुकडा माणसाच्याच तोंडचा असतो. पण वाक्यभर वाहणारा सूर नसल्यामुळे जोड कानाला जाणवतात. गाडी वेळेवर असो की पाच तास उशिरा, आवाज तोच! अर्थात स्थानकावर आपल्याला त्याची भीती वाटत नाही, कारण त्या आवाजाकडून आपण मायेची अपेक्षाच केलेली नसते.

पडद्यावरचे यंत्रमानव

दूरचित्रवाणीच्या नाटककारांनी या गोष्टीचा उपयोग फार लवकर ओळखला. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६३ साली "डॉक्टर हू" ही मालिका सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्यात "डालेक" नावाचे धातूच्या कवचातील शत्रू आले. त्यांच्या आवाजासाठी ब्रायन हॉजसन या ध्वनितज्ज्ञाने नटाच्या आवाजाची विद्युतलहर सेकंदाला सुमारे ३० कंपने असलेल्या दुसऱ्या लहरीने गुणली. त्यामुळे आवाज खरखरीत, तुटक आणि अमानुष झाला.

१९६६ साली याच मालिकेत "सायबरमॅन" आले. शरीराचे एकेक अवयव बदलून यंत्राचे बसवता बसवता ज्यांनी भावनाही काढून टाकल्या, अशी ही माणसे. ही कल्पना लिहिणाऱ्या दोघांपैकी किट पेडलर हे स्वतः वैद्यकीय संशोधक होते. पडद्यावरचा नट नुसते तोंड उघडी आणि आवाज बाहेरून रॉय स्केल्टन हा दुसरा नट देई. शब्दांवरचे आघात तो मुद्दाम भलत्याच ठिकाणी ठेवी. पुढच्या वर्षी पीटर हॉकिन्स या नटाने आणखी एक युक्ती केली. तोंडात कंप निर्माण करणारे एक साधन धरून तो केवळ जीभ व ओठ हलवीत बोलला. ही युक्ती लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

मन का दचकते?

मूल जन्मण्यापूर्वीच, आईच्या पोटात असताना, आवाजाचे चढउतार ऐकू लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात फ्रेंच आणि जर्मन कुटुंबांतील नवजात बालकांचे रडणे तपासले गेले. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा, तर जर्मन बाळांचा उतरत जाणारा आढळला. त्यांच्या भाषांची चालही तशीच आहे. म्हणजे भाषेतला पहिला शब्द शिकण्याआधी बाळ तिचा सूर शिकते.

१९७० नंतरच्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसत बोलणाऱ्या आईला त्याने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून गप्प बसायला सांगितले. बाळाने आधी हसून पाहिले, हात पुढे केले आणि काहीच प्रतिसाद मिळेना तेव्हा ते कावरेबावरे होऊन तोंड फिरवू लागले. आई रागावलेली नव्हती. प्रतिसादच नाहीसा झाला होता, आणि बाळाला तेवढे पुरेसे होते.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे विसंगती. २०११ साली झालेल्या एका प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफिती दाखवल्या. माणसाचा चेहरा व माणसाचा आवाज, तसेच यंत्रमानवाचा चेहरा व यंत्राचा आवाज या जोड्या त्यांना विशेष खटकल्या नाहीत. पण माणसाच्या चेहऱ्याला यंत्राचा आवाज किंवा यंत्राच्या चेहऱ्याला माणसाचा आवाज जोडताच त्यांना ते विचित्र आणि भेसूर वाटले. आता पडद्यावरच्या त्या पात्राकडे परत पाहा. चेहरा माणसाचा, शब्द धमकीचे आणि सूर काहीच न सांगणारा! पुढे तो काय करील याचा अंदाज मेंदूला बांधता येत नाही. जेथे अंदाज बांधता येत नाही तेथे सावध राहावे, हे मेंदूचे जुने धोरण आहे. त्या सावधपणालाच आपण भीती म्हणतो.

झाडीपट्टीचा धडा

येथे शांत आणि सपाट यांतला फरकही समजून घ्या. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या "महाभारत" मालिकेत "समय" हे पात्र होते. त्याला चेहरा नव्हता. हरीश भिमाणी यांचा आवाज तेवढा होता. तो आवाज शांत होता, पण सपाट नव्हता. विराम कोठे घ्यावा आणि कोणता शब्द तोलून म्हणावा हे त्याला माहीत होते. म्हणून देशभरच्या घरांतून तो आदराने ऐकला गेला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपली झाडीपट्टी रंगभूमी आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धान घरी आले, दिवाळी सरली की गावोगावी मंडप पडतात. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी या भागांतही रात्र-रात्र नाटके रंगतात. या रंगभूमीवरील नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मंडपातल्या शेवटच्या ओळीत घोंगडी पांघरून बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या भुवया दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत राग, लोभ, करुणा पोचवायची ती आवाजानेच. म्हणून तेथला नट सुरांची चढउतार मुद्दाम मोठी करतो. शहरातून आलेल्याला ती भडक वाटते; पण अंतर, काळोख आणि गर्दी यांचा हिशेब केला तर ते ध्वनिशास्त्राला धरूनच आहे.

सूर हरवतो तेव्हा

आतापर्यंत आपण नाटकातल्या पात्रांविषयी बोललो. पण सपाट आवाज खऱ्या माणसांचाही असतो, आणि येथे चूक झाली तर ती महागात पडते.

१९७९ साली एलियट रॉस आणि मार्सेल मेसुलम या अमेरिकन मेंदूतज्ज्ञांनी एका शिक्षिकेची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या मेंदूच्या उजव्या गोलार्धाला इजा झाली होती. बरी होऊन ती वर्गात परतली. शब्द, व्याकरण, स्मरण सारे शाबूत होते. पण आवाजातला चढउतार गेला होता. ती रागावली तरी मुलांना ते कळेना आणि वर्गाला शिस्त लावणे अवघड झाले. शेवटी "मी हे खरेच रागावून बोलते आहे" अशा अर्थाचे शब्द तिला वाक्याला जोडावे लागत. आतल्या भावना मात्र पूर्वीसारख्याच होत्या. या आणि अशा इतर अभ्यासांवरून दिसून आले की शब्दांचे काम बहुधा डावा गोलार्ध करतो, तर भावदर्शक सुराच्या कामात उजव्याचा मोठा वाटा असतो.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या विकारात गळ्याचे व चेहऱ्याचे स्नायू आखडतात, म्हणून आवाज बारीक आणि एकसुरी होतो. घरचे म्हणतात, "आजोबा हल्ली तुटक वागतात." आजोबांची माया आटलेली नसते, ती बाहेर येण्याची वाट अरुंद झालेली असते. जन्मतः ऐकू न येणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकून तो सुधारता येत नाही, म्हणून त्यांचाही सूर वेगळा लागतो. स्वमग्न मुलांपैकी काहींचे बोलणेही सपाट असते. यांपैकी कोणालाही "यंत्रमानव" म्हणून चिडवणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

आता त्या नटाच्या युक्तीकडे परत येऊ. स्वरयंत्राचा कर्करोग वाढला तर ते संपूर्ण काढावे लागते. मग गळ्यावर धरायचे एक विजेरी साधन वापरून रुग्ण बोलतो. साधन कंप पुरवते. जीभ आणि ओठ शब्द घडवतात. साध्या साधनाची कंप्रता जवळजवळ एकच राहते, त्यामुळे नातवाला हाक मारतानाही तो आवाज सायबरमॅनसारखा निघतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये झडप बसवून याहून स्वाभाविक आवाजही मिळवता येतो. बंगळूरुचे शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी अशी सुमारे ५० रुपयांची झडप गेल्या दशकात तयार केली. पण आपला मूळचा सूर कोणतेही साधन पूर्णपणे परत देत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे विशेष सांगावे लागते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणे आणि बिड्या वळणे यांवर येथील अनेक घरांची चूल पेटत आली आहे. त्या कष्टांविषयी आदरच बाळगला पाहिजे. पण बिडीचा धूर स्वरतंतूंवरूनच फुप्फुसात जातो आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचे धूम्रपान हे एक प्रमुख कारण आहे. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर काढ्यांवर वेळ न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. रोग लवकर सापडला तर पुष्कळदा स्वरयंत्र वाचवता येते.

वर्गात करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करा. राग, आनंद, भीती, दुःख अशा चार चिठ्ठ्या करा. एका विद्यार्थ्याने वर्गाकडे पाठ करून चिठ्ठी उचलावी आणि त्या भावात केवळ "एक, दोन, तीन, चार, पाच" असे आकडे म्हणावेत. बाकीच्यांनी भाव ओळखून वहीत लिहावा. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकून हे २० वेळा करा. केवळ नशिबाने ओळखले तर सरासरी ५ उत्तरे बरोबर यायला हवीत. तुमची किती आली? नंतर पेटीची एकच पट्टी दाबून धरा आणि त्याच सुरावर, घड्याळाच्या ठोक्याला एक याप्रमाणे आकडे म्हणून प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळच्या बरोबर उत्तरांचा आलेख फळ्यावर काढा. दोन स्तंभांच्या उंचीतला फरक म्हणजे तुमच्या वर्गात सुराने वाहून नेलेला अर्थ.

यापुढे पडद्यावर तो थंड आवाज ऐकाल तेव्हा खुशाल भ्या, नाटककाराने त्यासाठीच तो योजलेला असतो. परंतु शेजारच्या ओसरीवर बसलेले एखादे आजोबा त्याच सुरात "ये, बस" म्हणाले, तर शब्दावर विश्वास ठेवा आणि जाऊन बसा.