मातीच्या भिंतींचे नाट्यगृह

सांगली ही मराठी नाटकाची जन्मभूमी होय. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' येथेच सादर केले. लोकनाट्य गाजविणारे अण्णाभाऊ साठे याच जिल्ह्यातील वाटेगावचे. तरीही सातारा-सांगलीच्या अनेक लहान गावांत जलसा वा नाटक मांडवातच करावे लागते, आणि पाऊस आला की कार्यक्रम मोडतो. अशा गावी दोनशे माणसांचे सभागृह मातीच्या भिंतींचे बांधता येईल काय?

मातीचे नाव काढताच भीती वाटते, व ती खोटी नाही. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण विसरलेलो नाही. किल्लारीत दगड-मातीच्या भिंती व जड धाबी माणसांवर कोसळली. भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, हे त्याचे मोठे कारण.

चोपलेल्या मातीची रीत निराळी आहे. चाळलेल्या मुरमाड मातीत शेकडा ५ ते ८ सिमेंट व बेताचे पाणी मिसळतात. फळ्यांच्या साच्यात १५ सेंटिमीटरचा थर टाकून तो धुमसाने सुमारे १० सेंटिमीटर होईपर्यंत चोपतात. मग पुढचा थर. पुढे काही आठवडे भिंत ओली ठेवतात. कृष्णाकाठची काळी माती मात्र चालत नाही. ती ओलीने फुगते व वाळून भेगाळते. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये या पद्धतीने घरे बांधली गेली.

आराखड्यात चार गोष्टी सांभाळाव्यात. जोते दगडी व उंच असावे. २००५ व २०१९ चे महापूर पाहता जागा पूररेषेबाहेरचीच घ्यावी. जोत्यावर, दारांवर व छपराखाली सळईचा काँक्रीट पट्टा सलग फिरवावा. छप्पर हलके, पण कौलारू असावे. नुसत्या पत्र्यावर पाऊस वाजला की संवाद ऐकू येत नाहीत. त्याची वळचण रुंद असावी. बाजूच्या भिंती समांतर न ठेवता प्रेक्षकांकडे थोड्या फाकवाव्यात, म्हणजे आवाज घुमत नाही. जाड भिंत बाहेरचा गोंगाटही अडवते.

आराखडा अभियंत्याकडूनच तपासून घ्यावा. यात माल स्वस्त पडतो, मजुरी जास्त लागते. म्हणजे पैसा गावातल्याच हातांत राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, आरंभ तुम्हीच करा. गावची माती बाटलीत घेऊन पाणी घाला, हलवा व एक दिवस ठेवा. वाळू तळाशी, चिकणमाती वर बसेल. चिकणमाती तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल, तर पुढची चाचणी करण्यास हरकत नाही.