मिठाच्या मुलखाची मोजणी

आश्विन सरत येऊन पावसाने काढता पाय घेतला, की पेण-अलिबागच्या खारेपाटात भाताच्या कापणीची लगबग सुरू होते. अशा एखाद्या सकाळी धरमतरच्या खाडीकाठी बांधावर उभे राहून दोन्ही अंगांना पाहावे. आतल्या अंगाला पिकलेली खाचरे असतात आणि त्यांच्या प्रत्येक तुकड्याला धनी, गटनंबर आणि आकार असतो. बाहेरच्या अंगाला पसरलेल्या खाजणाची मात्र महसुली भाषा ‘पडीक’, ‘खारवट’, ‘पोटखराब’ अशा तीनचार शब्दांत बोळवण करते. ज्याला सारा वसूल करावयाचा आहे त्याच्या दृष्टीने हे शब्द खोटे नाहीत. परंतु त्याच जमिनीची एक दुसरी मोजणी तेथील वनस्पतींनी करून ठेवलेली आहे, आणि ती इतकी बारकाईची आहे की वीतभर उंचीचा फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही.

ही मोजणी वाचावयाची तर प्रथम भरतीचा हिशेब ध्यानी घ्यावा लागतो. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा ओसरते. पण अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत मोठेच अंतर असते. मोठ्या उधाणाचा आकडा भरतीच्या कोष्टकात साडेचार मीटरांच्या वर जातो, तर भांगाचे पाणी खाजणाच्या निम्म्या वाटेवरूनच परत फिरते. खाजणाचा उतार डोळ्यांना दिसणारही नाही इतका मंद. पण त्या उतारावर कोण किती वेळ बुडतो आणि किती दिवस कोरडा राहतो, यावर कोणी कोठे राहावे हे ठरते.

अगदी खाडीच्या ओठाशी, जेथे गाळ नुकता बसू लागलेला असतो, तेथे काही ठिकाणी भाताच्याच गोतातले एक रानटी गवत आढळते. भाताचा हा आप्त दररोज समुद्राखाली जातो, पानांवाटे मीठ बाहेर टाकतो आणि मुळांनी गाळ बांधून धरतो. त्याच्या जोडीला आणि मागे चिपी आणि तिवर उभे असतात. येथल्या चिखलात एक बोट खोल गेले, की काळा रंग आणि कुजक्या अंड्यांचा दर्प येतो, कारण आत प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणूनच तिवराच्या मुळांना पेन्सिलीएवढी श्वसनमुळे चिखलाबाहेर काढावी लागतात. त्यामागे मारांडीची काटेरी झुडपे येतात. पुढे तिवरच खुजा होत होत गुडघ्याएवढा उरतो आणि मग एकाएकी उघडी, पांढुरकी, भेगाळलेली जमीन लागते. या उघड्या पट्ट्याच्या कडेकडेने मोरस नावाची, फुगीर पानांची, हिवाळ्यात तांबूस होणारी वनस्पती पसरते. आणि बांधाच्या पायथ्याशी धापा, खारे गवत, वनजाई आणि क्वचित खाकणाचे झुडूप यांचा संमिश्र शेजार भरतो.

सामान्य समजूत अशी, की समुद्राच्या जितके जवळ जावे तितकी माती खारट. खाजण हा समज उलटा करून टाकते. खाडीकाठचा चिखल दिवसातून दोनदा धुतला जातो, म्हणून त्याचा खारेपणा समुद्राच्या पाण्याच्या, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मिठाच्या, फार पलीकडे सहसा जात नाही. वरच्या पट्ट्यात मात्र पाणी उधाणापुरते येते आणि मग कित्येक दिवस फिरकत नाही. मधल्या काळात ऊन पाणी उडवून नेते, मीठ मागे राहते, आणि दर पंधरवड्याला या शिलकेत नवी भर पडत वैशाखापर्यंत ती माती समुद्राहूनही अधिक खारी होऊन बसते. त्याहून वर, जेथे उधाणही क्वचित पोहोचते, तेथे पाऊस मीठ धुऊन काढतो. म्हणजे खाजणातील सर्वांत कठीण जागा पाण्याच्या काठाशी नसून मध्येच कोठेतरी असते, आणि मिठागरांचा आगरी कारागीर खणाखणांतून ज्या युक्तीने मीठ पिकवितो, तीच युक्ती निसर्ग तेथे विनामजुरी चालवीत असतो.

या मिठाशी व्यवहार करण्याच्या रीतीही एकसारख्या नाहीत. कांदळ हा खारफुटीतला वृक्ष मुळाशीच बहुतेक मीठ अडवितो. तिवरही पुष्कळसे अडवितो; जे आत शिरते ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी तिवराचे पान उन्हात तिरपे धरले, तर त्यावर साखर भुरभुरल्यासारखे कण चमकतात. जिभेला लावताच ते मीठ असल्याचा प्रत्यय येतो. मोरस मीठ आत घेते, पेशींच्या पोकळ्यांत कोंडून ठेवते आणि भोवती पाणी साठवून ते विरल करते. तिच्या पानांचा फुगीरपणा या साठ्याचाच असतो. किनाऱ्यावरच्या घरांतून मोरसाची भाजी होते, तेव्हा ती आधी उकडून पाणी फेकून देतात आणि वर मीठ घालण्याची गरज पडत नाही.

तथापि या मंडळींना मीठ प्रिय आहे असे समजणे चुकीचे ठरेल. यांतील कित्येक वनस्पती सौम्य खारट पाण्यावर कुंडीत वाढविल्या, तर खाजणापेक्षा अधिक जोमाने वाढतात. मोरसाच्या जातीचे बी गोड्या पाण्यात उत्तम रुजते. म्हणून आषाढसरींनी वरची माती धुतली, की तेवढ्या अल्प मुदतीत ते रुजून घेते, आणि तिवराची फळेही पावसाळ्यातच गळून भरतीवर स्वार होतात. जगभरच्या खाऱ्या दलदलींतून दिसून आलेला सर्वसाधारण नियम असा, की वनस्पतीची खालची हद्द पाणी आणि मीठ ठरवितात, वरची हद्द बलवत्तर शेजारी ठरवितो. खाजणातला रहिवासी तेथे राहतो तो मिठाच्या हौसेने नव्हे; ज्या वतनावर दुसरा कोणी दावा सांगत नाही, ते त्याने पत्करलेले असते.

अशा सहवासाला ‘समाज’ मानून त्याचा अभ्यास करण्याची परंपरा मुंबईत बरीच जुनी आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०५ साली मुंबई इलाख्यातील खारफुटीवर लेख प्रसिद्ध केला. पुढे फ्रान्समधील माँपेल्ये येथे वनस्पतिसमाजशास्त्राचे प्रवर्तक ब्राउन-ब्लांके यांच्या हाताखाली शिकून आलेले फरेदून रुस्तमजी भरुचा यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत या शास्त्राचा पाया घातला, आणि १९४०च्या दशकात त्यांनी व त्यांचे सहसंशोधक नवलकर यांनी समुद्राचे पाणी, चिखलातील द्रव आणि पानांतील रस यांतील क्षारांचे प्रमाण ताडून पाहिले. ‘पोटखराब’ या एका शब्दात गुंडाळलेल्या जमिनीचे कलमवार वाचन येथे सुरू झाले.

माणसाने मात्र खाजणाकडे पाहिले ते बहुधा भाताच्या आशेने. बांध घालून समुद्र हटविणाऱ्याला इस्ताव्याचा कौल, म्हणजे पहिली वर्षे हलका आणि पुढे चढत जाणारा सारा, देण्याची जुनी वहिवाट होती. आणि बांध राखणाऱ्या शिलोत्रीदाराला रयतेकडून धान्याचा हिस्सा मिळे. बांधातील उघाडीने पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरतीचे आत येऊ द्यावयाचे नाही, एवढ्या एका व्यवस्थेवर ‘राता’सारखे खारेपणा सोसणारे भात पिके. याच खारेपाटात १९३३ साली चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेते न कसण्याचा दीर्घ संप मांडला. पुढे १९४८च्या खार जमीन कायद्याने बांधांच्या कामात सरकार उतरले.

पण बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजली नाही, की समुद्र स्वतःचा फेरफार नोंदवितो. भात जाते, तिवराची फळे आत येतात, आणि काही वर्षांत गटनंबरावर जंगल उभे राहते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली, आणि २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्याच्या खारफुटी-वृक्षाचा मान मिळाला. किनारा नियमनाच्या २०११च्या अधिसूचनेत खाऱ्या दलदलींचाही नावानिशी समावेश झाला. तरी ज्याचा सातबारा त्या तिवरांखाली गेला त्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खोटे नव्हे. उलटपक्षी मोरसाचा पट्टा वृक्षांसारखा डोळ्यांत भरत नसल्यामुळे तो ओसाड समजून भरावाखाली जाण्याचे भय अधिक, आणि तो गेला म्हणजे समुद्र वर सरकू लागल्यास खाजणाला मागे हटावयास जागा उरत नाही.

गेल्या वर्षी बांधाच्या आतल्या अंगाला, भाताच्या धसकटांमध्ये, एक वृद्ध बाई विळ्याने मोरस कापताना दिसल्या. “आजी, भाजीला का?” असे विचारता त्या म्हणाल्या, “भाजी बरी, पण ही इथं उगवावी हे बरं नाय.” पाहू गेलो तर बांध शाबूत होता, कोठे ओल दिसत नव्हती, उघाडीच्या फळ्या जागच्या जागी होत्या. तलाठ्याच्या दप्तरात ती जमीन अजून भाताचीच होती. आजींनी ओट्यातली जुडी वर उचलून दाखविली आणि बांधाच्या एका विशिष्ट जागेकडे हनुवटीने खूण केली.