‘द’ नसलेल्या मराठीचं काय अडतं?

नीरा आणि ‘द नीरा’ यांत बराच फरक आहे. बारामती-नीरा रस्त्यावर पणदरे सोडून पश्चिमेला गेलं की लागतं ते नीरा, पुरंदर तालुक्यातलं बाजाराचं गाव. ‘द नीरा’ ही नदी. ती पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते. इंग्रजीत गावाच्या नावाआधी सहसा आर्टिकल येत नाही, नदीच्या नावाआधी येतं. ‘विशेषनामाला आर्टिकल लावायचं नाही’ हा पाठ केलेला नियम इथेच नीरेच्या पाण्यात वाहून जातो.

मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी ‘ए, ई, आय, ओ, यू आलं की अॅन’ हे सूत्र अजून घोकलं जातं. खरं तर अक्षर बघायचं नसतं, उच्चार ऐकायचा असतो. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’ आणि ‘अॅन अवर’. आमदार ‘अॅन एमएलए’, पण तोच ‘अ मेंबर’.

‘द’ आणि ‘दि’चंही तसंच. इंग्रजीत ‘दि’ हा उच्चार स्वराआधी येतो. त्या हिशेबाने ‘द माळेगाव’ म्हणायला हवं. पण नाव आहे ‘दि माळेगाव सहकारी साखर कारखाना’. सहकारी बँकांच्या पाट्यांवरही हा ‘दि’ ऐटीत बसलेला असतो. तो आता आपल्याकडचाच झाला आहे, त्याला इंग्रजी व्याकरण विचारू नये.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ठरावीक आणि कोणतंही हा भेद मराठीला नेमका दाखवता येत नाही. ‘गोठ्यात गाय आहे’ आणि ‘गाय गोठ्यात आहे’ ही वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात गायीची बातमी आत्ता कळते. दुसऱ्यातली गाय बोलणाऱ्या दोघांनाही माहीत आहे, प्रश्न फक्त ती कुठे आहे एवढाच. शब्द तेच, जागा बदलल्या. ‘एक गडी आलाय’ म्हटलं तर माणूस दारात उभा आहे. ‘एखादा गडी बघा’ म्हटलं तर अजून शोधायचा आहे. इंग्रजीचा ‘अ’ या दोघांना एकाच दावणीला बांधतो.

आणि ‘ला’? ‘रविवारी मुलगी बघायला जायचंय’ म्हटलं की घरात स्थळाची चर्चा सुरू होते. ‘मुलीला बघायला जायचंय’ म्हटलं की विचारतात, ‘का, काय झालं तिला?’ दुसऱ्या वाक्यातली मुलगी ठरलेली, ओळखीची आहे. हे कुणी शिकवलेलं नसतं, पण पाच वर्षांचं पोरही यात चुकत नाही.

तुर्की भाषाही अशीच कर्माला प्रत्यय लावून ते ठरावीक असल्याचं सांगते. बंगालीत ‘बोई’ म्हणजे पुस्तक आणि ‘बोइटा’ म्हणजे ते पुस्तक. स्वीडिशमध्ये ‘बूक’चं ‘बूकेन’ होतं, शेपूट मागेच. अरबीत ‘किताब’च्या आधी ‘अल्’ जोडतात. रशियन, चिनी, जपानी यांना आर्टिकल नाहीच. भाषावैज्ञानिक मॅथ्यू ड्रायर यांनी तपासलेल्या 620 भाषांपैकी 198 भाषांत ‘द’सारखी आणि ‘अ’सारखी, दोन्ही प्रकारची आर्टिकलं नाहीत. संस्कृत आणि लॅटिन यांचंही त्यावाचून काही बिघडलं नाही. लॅटिनच्या लेकींना, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियनला ती पुढे मिळाली, तीही बहुतेक ‘तो’ आणि ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दांतून. इंग्रजीचा ‘द’ जुन्या दर्शक सर्वनामातून आला आणि ‘अ’ हा तर झिजलेला ‘वन’च. आपल्या ‘एक राजा होता’मधला ‘एक’ त्याच वाटेवर आहे, फक्त त्याला घाई नाही.

राहिला इंग्रजीच्या काटेकोर तर्काचा दबदबा. दवाखान्यात दाखल झालेला रुग्ण ब्रिटिश माणसाच्या लेखी ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकनाच्या लेखी ‘इन द हॉस्पिटल’. रुग्ण तोच, खाट तीच. त्या ‘द’वर त्या दोघांचंही अजून एकमत नाही.