लॉबिंग क्षेत्रासाठी पदवी विषयाची निवड

लॉबिंग म्हणजे कायदा अथवा शासकीय धोरण ठरविणाऱ्यांपुढे एखाद्या समूहाची वा उद्योगाची बाजू मांडून निर्णयावर प्रभाव टाकण्याचे कार्य होय. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार अशा व्यावसायिकांची नोंदणी होते. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही आणि विशिष्ट पदवीही बंधनकारक नाही. लाच देणे मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ अन्वये गुन्हा आहे.

उपयुक्त विषय

राज्यशास्त्रातून विधिमंडळाची कार्यपद्धती, अर्थशास्त्रातून अंदाजपत्रक व आकडेवारी, तर विधी शाखेतून अधिनियम आणि नियम यांचे वाचन समजते. भाषेच्या अभ्यासाने मुद्देसूद निवेदन लिहिता येते.

पाटण तालुक्यातील उदाहरण

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. ते १९६० च्या दशकात पूर्ण झाले. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा मात्र १९७६ मध्ये झाला. धरणग्रस्तांना आपल्या मागण्यांसाठी शासनाकडे दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला. अशा कामी भूसंपादनाचे नियम, मोबदल्याचा हिशेब व नेमके निवेदन या तिन्हींची गरज भासते; एकच विषय पुरेसा ठरत नाही.

निवडीचे मार्ग

विधी अभ्यासक्रम बारावीनंतर पाच वर्षांचा, तर पदवीनंतर तीन वर्षांचा असतो. त्यामुळे शिवाजी विद्यापीठाशी संलग्न स्थानिक महाविद्यालयातून राज्यशास्त्र वा अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यालाही पुढे विधी शाखेकडे वळता येते. खासदारांसोबत काम करण्याची संधी देणारी 'लॅम्प' अधिछात्रवृत्ती सर्व शाखांच्या पदवीधरांना खुली असते.