भाराची वजाबाकी

अमेरिकेंतील आमच्या पुतण्यानें कामासाठीं मोठी व्हॅन घ्यावयाचें ठरविलें व प्रथम इंजिनाची शक्ति विचारली. आधीं पाहावा तो सांगाडा. २०१४ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ई-मालिकेंतील व्हॅनला स्वतंत्र पोलादी सांगाडा असे. म्हणून जड ट्रेलर ओढण्यास ती सोईची. पुढें त्याला चारी चाकांस शक्ति हवी होती. त्यासाठीं पुढचा आंस बदलून शक्ति वांटणारी दंतचक्रांची पेटी बसवावी लागते. खर्चाचें असो, पण हें सारें लोखंड व्हॅनच्याच भारक्षमतेंतून वजा होतें! शिवाय ५००० पौंडांच्या ट्रेलरचा ५०० ते ७५० पौंड भार जोडाच्या आंकड्यावर पडतो, तोहि व्हॅनच्याच खात्यावर. हत्यारें व माणसें निराळींच. आणि चारी चाकांस शक्ति मिळाली म्हणून उतारावर गाडी लवकर थांबते, असें मुळींच नाहीं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. बदल केलेली व्हॅन सामानासह, ट्रेलर जोडून, काट्यावर चढवावी व तिच्या चाकांवर आलेलें वजन दाराच्या चौकटीवरील पट्टींत छापलेल्या मर्यादेशीं ताडून पाहावें, असें त्याला कळविलें आहे.