स्तन काढावा की वाचवावा? अंतराचाही विचार हवा

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, की ‘एकदाचा काढून टाका’ अशीच बहुतेक कुटुंबांची पहिली प्रतिक्रिया असते. भीतीपोटी घेतलेला हा निर्णय प्रत्येक वेळी आवश्यक असतोच असे नाही. माळशेज घाटाच्या वाटेवरील वैशाखरे (ता. मुरबाड) येथील स्त्रीला तर आजाराबरोबरच मुंबईच्या अंतराचाही हिशेब मांडावा लागतो.

गाठ लहान असल्यास ती सभोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढून स्तन वाचविता येतो. इटलीतील डॉ. उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन वाचविलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात त्यांत फरक आढळला नाही.

मात्र स्तन वाचविल्यास त्यानंतर सहसा रेडिएशन घ्यावे लागते. फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्या ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात कर्करोग उलटला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते.

अंतराचा प्रश्न येथेच उभा राहतो. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागते. पूर्वी हा उपचार पाच-सहा आठवडे चाले. ब्रिटनमधील अभ्यासांनंतर १५ वेळा, म्हणजे तीन आठवड्यांत तो पूर्ण करण्याची पद्धत रूढ झाली. तरीही वैशाखरेहून एसटीने कल्याण आणि पुढे लोकलने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत रोजची ये-जा रुग्णाला झेपणारी नाही. शेती, मजुरी आणि मुले सोडून राहावे लागणार, या धास्तीने अनेकदा संपूर्ण स्तन काढण्याचा पर्याय स्वीकारला जातो. परंतु गाठ मोठी असल्यास किंवा आजार काखेतील ग्रंथींत पसरला असल्यास स्तन काढूनही रेडिएशन टळत नाही.

त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच काही प्रश्न विचारणे हिताचे ठरते. आजार कोणत्या टप्प्यात आहे? आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करता येईल का? रेडिएशन किती दिवस आणि कोठे मिळेल? गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आहे का? तशी असल्यास शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन यांचा समावेश आहे. मुंबईत बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी निवासाची सोय आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे याची चौकशी आधीच केलेली बरी.

निदानानंतर समजून घेण्यासाठी घेतलेले थोडे दिवस सहसा अपायकारक नसतात. महिनोन् महिने केलेली टाळाटाळ मात्र घातक ठरते. सल्लामसलत बहुधा पती, दीर वा मुलगा करतो आणि रुग्ण स्त्री खोलीबाहेर बसते. शरीर तिचे आहे; तेव्हा दोन्ही पर्याय डॉक्टरांनी तिलाच समजावून सांगावेत, असा आग्रह नातेवाइकांनीच धरायला हवा.